द्राक्षमळ्यांचे नारायणगाव

(विश्रांतवाडी, पुणे येथे शिक्षक, शासकीय अधिकारी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विश्रांतवाडीचा चौक पुणेकरांना आळंदीच्या वाटेवरचा चौक म्हणून परिचित आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्यास येते ती याच वाटेने. परंतु ही वाट आळंदीस संपत नाही. इंद्रायणी ओलांडून ती चाकणजवळ पुणे-नाशिक रस्त्यास मिळते. पुढे राजगुरुनगरला भीमा, मंचरच्या पलीकडे घोड आणि पुण्यापासून सुमारे पाऊणशे किलोमीटर अंतर काटल्यावर मीना नदी लागते. या मीनेच्या काठी, जुन्नर तालुक्यात, नारायणगाव वसले आहे.

नाशिकला जाणारा प्रवासी येथे चहापुरता थांबतो आणि पुढे निघून जातो. त्याला हे गाव बाजारपेठेचे एक गजबजलेले ठिकाण वाटते. प्रत्यक्षात, आधुनिक काळात भारतीय वाइन परदेशी पाठविण्याचा पहिला मोठा उद्योग ज्या गावी उभा राहिला ते हेच गाव. तमाशा कलावंतांचे हे माहेर. टोमॅटोच्या घाऊक व्यापारातही याचे नाव आहे आणि जगातील एक मोठी रेडिओ दुर्बीण याच्या शिवारालगत उभी आहे. एवढ्या लहान गावात एवढ्या गोष्टी कशा एकत्र आल्या आणि त्यांतील काही टिकल्या, काही टिकल्या नाहीत, त्याची कारणे कोणती, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. ग्रामविकासाचे काम करणाऱ्यांना या गावाच्या यशापेक्षा त्याच्या एका अपयशापासून अधिक शिकण्यासारखे आहे.

नाणेघाटाचा वारसा

जुन्नर परिसराचा इतिहास शिवकालापासून सुरू होतो असे सामान्यतः समजले जाते. १६३० साली शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म झाला, ही या भूमीची सर्वांत मोठी ओळख आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्या कितीतरी आधी, सातवाहनांच्या काळी, जुन्नर हे व्यापाराचे संपन्न केंद्र होते. कोकणातील बंदरांत उतरलेला माल कल्याणमार्गे नाणेघाट चढून देशावर येई आणि पुढे पैठण व तेरकडे जाई. नाणेघाटातील लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे परंपरा सांगते. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. त्यांतील काही लेखांत दान देणाऱ्यांचा उल्लेख यवन म्हणून येतो.

या व्यापारात वाइन हाही एक जिन्नस होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटालियन वाइनचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात कल्याण, पैठण व तेर ही नावेही येतात. नेवासे आणि तेर येथील उत्खननांत अॅम्फोरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन कानांच्या उंच कुंभांची खापरे मिळाली. भूमध्य समुद्राकाठची वाइन अशाच कुंभांतून येत असे. दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिमेची वाइन सह्याद्री चढून या मुलखात येत होती. १९८० च्या दशकात ती उलट दिशेने, नारायणगावातून पश्चिमेकडे गेली. इतिहासाच्या या उलट फेऱ्याची जाणीव शाळेतील मुलांना करून दिली, तर नाणेघाटाची सहल त्यांच्या कायमची स्मरणात राहील.

पाणी, माती आणि छाटणी

नारायणगावच्या आजच्या भरभराटीचा पाया पाण्याचा आहे. कुकडी प्रकल्पांतर्गत येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे बांधण्यात आली. त्यांपैकी वडजचे धरण मीना नदीवर असून येडगावचे धरण नारायणगावच्या निकट आहे. बाजरी आणि कडधान्यांवर गुजराण करणारे शिवार या पाण्याने ऊस, भाजीपाला आणि द्राक्ष यांकडे वळले. पश्चिमेस सह्याद्रीचा आडोसा, हिवाळ्यातील कोरडी हवा, उबदार दिवस आणि गार रात्री ही परिस्थिती द्राक्षास मानवणारी ठरली.

द्राक्षवेल मूळची थंड मुलखातील. युरोपात ती हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते व वसंतात जागी होते. महाराष्ट्रात तिला झोपविणारी थंडी नाही. म्हणून येथील बागाईतदारांनी वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करण्याची पद्धत रूढ केली. एप्रिलमध्ये करावयाची ती खरड छाटणी. या छाटणीनंतर येणाऱ्या काडीत पुढील फळाचा डोळा तयार होतो. पावसाळा सरताना, साधारणतः ऑक्टोबरच्या सुमारास, फळछाटणी केली जाते आणि तिच्यापासून जानेवारी ते मार्च-एप्रिलपर्यंत घड हाती येतात. छाटण्या दोन, पण पीक एक, असे हे गणित आहे. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की केवडा, करपा आणि भुरी हे रोग डोके वर काढतात आणि वर्षाची कमाई आठवडाभरात धोक्यात येते. मांडव, तारा, ठिबक, खते, औषधे आणि मजुरी यांवर होणारा मोठा खर्च आधी करावा लागतो आणि पैसा मागाहून येतो. या एका वाक्यात द्राक्ष बागाईतदाराचे जीवन सामावले आहे.

या कष्टांना शास्त्राची जोडही मिळाली. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाची स्थापना १९६० साली झाली. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ साली सुरू झाले. नारायणगावात गुरुवर्य रा. प. सबनीस यांनी पाया घातलेल्या ग्रामोन्नती मंडळाच्या शैक्षणिक कार्याचा विस्तार होऊन पुढे कृषी विज्ञान केंद्रही उभे राहिले. क्षारपड जमिनीत व पाण्याच्या टंचाईतही तग धरणाऱ्या डॉगरिज खुंटावर कलमे बांधण्याची पद्धत गावोगाव पसरली. टपोऱ्या काळ्या द्राक्षांसाठी जुन्नर तालुक्याचे नाव परदेशी बाजारातही पोचले.

द्राक्षापासून वाइनकडे

खाण्याचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष यांत मोठा फरक आहे, तो प्रथम समजून घेतला पाहिजे. खाण्याचे द्राक्ष मोठे, पातळ सालीचे, शक्यतो बिनबियांचे आणि दिसावयास देखणे असावे लागते. त्यासाठी मण्यांची विरळणी करतात, संजीवकांचा वापर करतात. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बियांचे आणि दाट घडाचे असते. ते बाजारात नेले तर गिऱ्हाईक त्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. काबर्ने सोव्हिन्यॉ, शिराझ, शेनिन ब्लांक ही त्याच्या जातींची नावे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या तोंडी गेल्या काही दशकांत रुळली आहेत. त्यांत एकरी उत्पन्न मुद्दाम मर्यादित ठेवावे लागते, कारण घड कमी तर रस दाट, आणि रस दाट तर वाइन चांगली.

वाइन करण्याची क्रिया मुळात साधी आहे. द्राक्षरसातील साखरेवर यीस्ट हे सूक्ष्म जीव वाढतात. त्यांच्या क्रियेने साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर होते. लाल वाइनसाठी रस सालींसह आंबवितात, कारण रंग सालीत असतो. पांढऱ्या वाइनसाठी प्रथम रस काढून साल बाजूस करतात. सामान्य वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे १२ ते १३ टक्के असते. एक टन द्राक्षांपासून सुमारे ६०० ते ७०० लिटर वाइन मिळते. फेसाळ वाइन करण्याच्या पारंपरिक पद्धतीत बाटलीतच दुसऱ्यांदा किण्वन घडवून आणतात. त्यातून निघणारा वायू बाटलीत कोंडून राहतो आणि बूच उघडताच फेस उसळतो. ही पद्धत फ्रान्समधील शॅम्पेन प्रांताने परिपूर्ण केली.

हे अवघड तंत्र १९८० च्या दशकात नारायणगावी आणण्यात आले. श्याम चौगुले यांच्या इंडेज उद्योगाने पायपर-हाइडसिक या फ्रेंच शॅम्पेन उत्पादकांच्या तांत्रिक साहाय्याने येथे वाइनरी उभारली. येथील फेसाळ वाइन ‘उमर खय्याम’ या नावाने ब्रिटन आणि अन्य देशांत विकली जाऊ लागली. भारतात द्राक्षाची चांगली वाइन होऊ शकते यावर तोवर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. तो विश्वास जुन्नर तालुक्यातील मातीने निर्माण केला. पुढे वाइनरी आणि द्राक्षमळे पाहावयास पर्यटक येऊ लागले, स्थानिक तरुणांना काम मिळाले आणि ‘नारायणगाव’ हे नाव परदेशी जाणकारांच्या ओठी आले.

जे घडले त्याचा बोध

२००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. उत्पादन शुल्कात सवलती देण्यात आल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क स्थापन झाले. त्याआधीच, १९९९ साली, नाशिकजवळ सुला या कंपनीची सुरुवात झाली होती. अल्पावधीत राज्यात वाइनरींची संख्या झपाट्याने वाढली आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षांची लागवड केली.

२००८ साली जागतिक मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि पर्यटन व हॉटेल व्यवसायाला जबर फटका बसला. वाइनचा खप घसरला, टाक्यांत माल पडून राहिला आणि अनेक लहान वाइनरी अडचणीत आल्या. विस्तारासाठी मोठी कर्जे घेतलेला इंडेज उद्योगही या वादळात सापडला. प्रकरण न्यायालयात जाऊन कंपनी अवसायनात निघाली. ज्या उद्योगाने नारायणगावला जगाच्या नकाशावर नेले, तोच बंद पडला.

या घटनेकडे केवळ एका कंपनीचे दुर्दैव म्हणून पाहणे योग्य होणार नाही. तिचा खरा अर्थ शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहिले म्हणजे कळतो. खाण्याच्या द्राक्षाला एका व्यापाऱ्याने नकार दिला तर दुसरा व्यापारी आहे, तोही नसेल तर बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाला मात्र वाइनरीखेरीज दार नाही. वाइनरीने पाठ फिरविली की वेलीवरचे घड वेलीवरच राहतात. राज्यात त्या काळी अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून टाकल्या. लावणीपासून पीक हाती येण्यास वर्षे लागतात, उपटावयास एक दिवस पुरतो.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, एकाच खरेदीदारावर अवलंबून असलेले पीक हे कितीही किफायतशीर दिसले तरी जोखमीचे असते. दुसरी, शेतकरी आणि कारखाना यांच्यातील करार लेखी, मुदतीचा आणि पैसे देण्याची तारीख नमूद केलेला असला पाहिजे. तोंडी विश्वासावर चालणारा व्यवहार तेजीत गोड आणि मंदीत कडू होतो. तिसरी, सवलतींमुळे उत्पादन वाढते, परंतु खप वाढत नाही. खपाचा अंदाज घेतल्यावाचून केलेली लागवड म्हणजे पाण्याचा अंदाज घेतल्यावाचून केलेली पेरणी होय.

वाइनच्या प्रश्नाला नीतीचीही एक बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यास तीव्र विरोध झाला. एक बाजू म्हणाली, शेतकऱ्याच्या फळाला भाव मिळेल. दुसरी म्हणाली, व्यसन घरात शिरेल. दारूच्या दुकानाविरुद्ध ‘आडव्या बाटली’चे मतदान घडवून आणणाऱ्या महाराष्ट्रातील भगिनींचा अनुभव दुसऱ्या बाजूमागे उभा आहे. द्राक्षबागेचे अर्थकारण आणि घराचे स्वास्थ्य ही दोन्ही तागडी समोर ठेवूनच ग्रामसभेने आपले मत बनवावे. वाइनरीला जमीन देण्याची बाब आणि गावात विक्रीचे दुकान उघडण्याची बाब या दोन भिन्न आहेत, हे चर्चेच्या वेळी स्पष्ट करणे पंचायतीच्या सदस्यांचे कर्तव्य आहे.

गावाची इतर वैभवे

वाइनरीचे दिवे मंदावले तरी नारायणगाव विझले नाही, याचे कारण या गावाने कधीच एका आधारावर घर बांधले नव्हते.

तमाशा हा त्यांतील सर्वांत जुना आधार. ग्रामदैवत मुक्ताबाईच्या या गावी जत्रेच्या हंगामाआधी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीचे कारभारी येथे येऊन फड ठरवितात व सुपारी देतात. एका अर्थाने हा लोककलेचा बाजार समितीसारखाच मोंढा आहे. याच गावाचे नाव लावणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी तमाशाला राष्ट्रपती पुरस्काराचा मान मिळवून दिला. दिवस भरलेले असताना बोर्डावर उभ्या राहिलेल्या विठाबाईंनी पडद्यामागे बाळंत होऊन पुन्हा प्रेक्षकांसमोर येण्याची हिंमत दाखविली, अशी हकीकत आजही सांगितली जाते. २००२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते. परंतु त्यांचे अखेरचे दिवस ओढगस्तीचे गेले, हेही विसरता कामा नये. टाळ्या देणारे गाव कलावंताच्या म्हातारपणाची सोय करीत नाही, ही उणीव केवळ पुरस्काराने भरून निघत नाही.

दुसरा आधार टोमॅटोचा. जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या नारायणगाव उपबाजारात हंगामात टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या वाहनांच्या रांगा लागतात आणि परराज्यांतील व्यापारी मुक्काम ठोकतात. परंतु टोमॅटो हेही नाशवंत पीक. भाव पडला की तोच टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतला जातो. द्राक्ष आणि टोमॅटो या दोहोंचे दुखणे एकच आहे: माल टिकविण्याची आणि त्यावर प्रक्रिया करण्याची सोय जवळ नसणे.

तिसरे वैभव आकाशाशी जोडलेले आहे. नारायणगावजवळ आर्वी येथे २६ फेब्रुवारी १९७१ रोजी ‘विक्रम’ उपग्रह भूकेंद्राचे उद्घाटन झाले आणि भारताचा परदेशांशी उपग्रहाद्वारे व्यापारी दूरसंचार सुरू झाला. पुढे खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांपैकी १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात, अशी तिची रचना आहे. या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. ताणलेल्या तारांच्या जाळीचा पृष्ठभाग करून स्वरूप यांनी वजन आणि खर्च दोन्ही कमी केले. द्राक्षाच्या मांडवावर तार ताणणाऱ्या शेतकऱ्याला ही युक्ती सहज समजते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीस, हे केंद्र लोकांसाठी खुले करण्याची प्रथा आहे आणि शाळांच्या सहली तेथे लोटतात.

या दुर्बिणीला शांतता हवी. दूरस्थ आकाशगंगांतून येणारे संकेत अत्यंत क्षीण असतात. जवळपासच्या विद्युत यंत्रांच्या गोंगाटात ते हरवतात. म्हणून या परिसरात मोठे उद्योग येण्यावर निर्बंध आहेत. अर्थात, शेती आणि शेतीवर आधारलेले छोटे, संयमित उद्योग हीच या भागाची नैसर्गिक वाट ठरते. त्यामुळे द्राक्षाचे मोल गावातच कसे वाढवावे हा प्रश्न येथे इतरत्रापेक्षा अधिक निकडीचा आहे.

याशिवाय जवळच ओझरचा विघ्नहर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज हे अष्टविनायकांपैकी दोन गणपती आहेत, शिवनेरी आहे आणि खोडदच्या बाजूस नारायणगड आहे. २०१८ साली शासनाने जुन्नर तालुक्यास पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला आणि २०२० साली राज्याचे कृषी पर्यटन धोरण मंजूर झाले.

पुढील वाट

पर्यटक येतो तो फलक पाहून, परंतु थांबतो तो व्यवस्था पाहून. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, वाट दाखविणारा जाणता माणूस आणि रास्त दर या चार गोष्टी पंचायतीच्या आवाक्यातील आहेत. फेब्रुवारीत द्राक्षबाग पाहावयास आलेल्या कुटुंबाने एक पेटी द्राक्षे बांधावर विकत घेतली, तर त्या पेटीचा पूर्ण पैसा बागाईतदाराच्या हाती पडतो. राहुट्यांच्या जागी कलावंतांना निवारा, पाणी आणि त्यांच्या मुलांना हंगामी शिक्षणाची सोय मिळाली, तर विठाबाईंचे स्मारक दगडाविनाही उभे राहील. शेतकऱ्यांच्या कंपन्या आणि सहकारी संस्था यांनी शीतगृह, बेदाणा, रस, टोमॅटोची प्रक्रिया आणि जेथे ग्रामसभेची संमती असेल तेथे लहान वाइनरी, असे अनेक मार्ग एकाच वेळी खुले ठेवले, तर एक दार बंद झाल्यावर वेल उपटण्याची पाळी येणार नाही.

शिक्षकांकडून एक अपेक्षा आहे. खोडदची दुर्बीण पाहावयास नेलेल्या मुलांना परतीच्या वाटेवर एका द्राक्षबागेतही न्यावे. बागाईतदारास खर्चाचा आणि उत्पन्नाचा हिशेब फळ्यावर मांडावयास सांगावे. गणिताचा तो धडा कोणत्याही पुस्तकात नाही.

विश्रांतवाडीच्या चौकातून दररोज शेकडो वाहने उत्तरेकडे जातात. त्यांतील कोणी नारायणगावी चहापुरता थांबला, तर त्याने मीनेच्या पुलाकडे क्षणभर पाहावे. एका काठावर बाजार आहे, दुसऱ्या काठाने मळे आहेत आणि त्या दोहोंच्या मध्ये शेतकऱ्याचे वर्ष वाहत असते. ते वर्ष सुखरूप पार पडावे यासाठी धोरण, पंचायत आणि शाळा या तिघांनी हात लावला पाहिजे. नारायणगावची भूमी आपले काम करीतच आहे.